आधी दावी सुटली, मग माणसं हलली : पाटण तालुक्यातल्या एका वाडीचं प्रकरण

पाटण तालुक्यात कोयनेला मिळणाऱ्या एका ओढ्याच्या काठाने वर चढत गेलं की ही वाडी लागते. तिचं नाव मी लिहीत नाही. हकिगतीत एका लहान मुलीचं दुखणं आहे, आणि काही घरांचे पुनर्वसनाचे कागद अजून फिरताहेत. जुलै 2021 मध्ये मी तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक होतो. कोरोनामुळे शाळा भरत नव्हती, पण सर्वेक्षणाची ड्युटी लागलेली, म्हणून मुक्काम वाडीतच होता. इथे जे लिहितोय ते समोर घडलेलं आहे आणि बरंचसं त्या त्या दिवशी वहीत टिपलेलं आहे.

वाडीच्या दोन आळ्या. खालची आळी रस्त्याला लागून. तिथे शाळा, समाजमंदिर, भैरोबाचं देऊळ. वरची आळी चौदा घरांची, थेट डोंगराच्या पायाशी. घरटी एखाददुसरा माणूस मुंबईत माथाडी कामाला. त्या वर्षी मात्र लॉकडाऊनमुळे बरेचसे परत आलेले, त्यामुळे वाडीत जवान हात होते. हे नशीब होतं. एरवी जुलैत वरच्या आळीत म्हातारी माणसं, बायका आणि पोरंच असतात.

डोंगर कसा बसलाय

वर जांभ्याचा सपाट सडा, त्याखाली काळ्या पाषाणाचे थर, आणि थरांच्या मध्येमध्ये कुजलेला, मुरमाड, लालसर पट्टा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे हे थर आहेत. एक थर पाणी पितो, खालचा पीत नाही. सड्यावर पडलेला पाऊस भेगांतून मुरत उतरतो, न पिणाऱ्या थरावर अडतो आणि मग आडवा सरकून डोंगराच्या कुशीतून झऱ्याच्या रूपाने बाहेर पडतो. वाड्या डोंगरकुशीत वसल्या त्या याच झऱ्यांसाठी. म्हणजे जिथे पाणी आहे तिथे वस्ती, आणि जिथे पाणी अडतं तिथेच माती सुटण्याची जागा. वस्ती चुकीच्या जागी बसवली असं बाहेरचे लोक सहज म्हणतात. पाण्यापासून लांब जाऊन आपल्या पूर्वजांनी काय प्यायचं होतं, हे ते सांगत नाहीत.

उतारावरची माती कोरडी असते तेव्हा तिचे कण एकमेकांना घट्ट धरून असतात. मधल्या पोकळ्या पाण्याने गच्च भरल्या की वरचा भार कणांऐवजी पाणी तोलू लागतं, कणांची पकड सुटते आणि अख्खा उतार वाहत्या चिखलासारखा वागतो. त्यात पायथा कापलेला असेल तर आधारच गेला. आमच्याकडे त्या पावसाळ्याच्या दोन वर्षं आधी रस्ता रुंद करताना जेसीबीने वरच्या आळीखालची माती दीड पुरुष उभी कापून नेली होती. ना भिंत बांधली, ना पाण्याला गटार काढलं. तेव्हा मस्जिद बंदरात पोती वाहण्यात उमेद गेलेले एक बापू मला म्हणाले होते, "थप्पीचं खालचं पोतं वडलंय, गुरुजी. आता वरची कधी येत्यात तेवढंच बघायचं." त्या एका वाक्यात जेवढं भूशास्त्र होतं तेवढं मला पुढे कुणी समजावून सांगितलेलं नाही.

20 आणि 21 जुलै

20 तारखेला आषाढी एकादशी. सकाळी वरच्या आळीतल्या आक्का पाण्याची कळशी घेऊन शाळेच्या ओट्यावर आल्या. "गुरुजी, झऱ्याला गेरू कालवल्यागत पाणी येतंय." मी कळशी तशीच ठेवायला सांगितली. दुपारी वरचं पाणी हळूच ओतून काढलं तर बुडाशी लाल गाळ बसलेला. बोटांच्या चिमटीत चोळला, तर वाळूचा कणही लागेना. शाडूच्या मातीसारखा मऊ आणि बुळबुळीत. वरून वाहून आलेलं गढूळ पाणी असं नसतं, त्यात कचकच असते. हा गाळ डोंगराच्या पोटातून येत होता. पाऊस आत शिरून थराची माती धुऊन बाहेर काढत होता.

त्या दिवसापासून मी आणि नाना वरच्या आळीत फिरलो. नाना म्हणजे आमचे पोलीस पाटील. एका घराचं मागचं दार बसेना झालेलं. घरचे म्हणाले, लाकूड फुगलंय. पण दार खालून घासत नव्हतं, वरच्या एकाच कोपऱ्यात अडकत होतं. म्हणजे चौकट तिरकी झाली होती. विजेचा एक खांब दरीकडे कललेला, त्याची तार एका बाजूला ताठ आणि दुसऱ्या बाजूला सैल. आणि घरांच्या वर, शेवटच्या खाचराच्या तालीमागे, गवतात एक भेग. सहज चालताना दिसली नसती. नानांची काठी तिच्यात गेली म्हणून कळली. भेग उताराला आडवी, धनुष्यासारखी वाकलेली, दोन्ही टोकं खाली वळलेली. पाऊस उघडल्यावर जमीन तडकते ती भेग अशी नसते.

आम्ही भेगेच्या दोन्ही अंगांना बांबूच्या खुंट्या ठोकल्या आणि मधल्या अंतराची सुतळी बांधली. इतकंच साधन. 20 ला संध्याकाळी सुतळी जेमतेम ताठ होती. 21 ला सकाळी तुटलेली. नवी बांधली, ती दोन बोटं लांब लागली. संध्याकाळपर्यंत चार बोटं, आणि खालची खुंटी वरच्या खुंटीपेक्षा टाचभर खाली बसलेली. रुंदी वाढतेय यापेक्षा खालचा भाग खचतोय, याची मला जास्त भीती वाटली.

नानांनी त्याच संध्याकाळी वरची आळी शाळेत आणली. कुणी फार आढेवेढे घेतले नाहीत. माळीणची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. 30 जुलै 2014 च्या त्या सकाळी आंबेगाव तालुक्यातलं ते गाव 151 माणसांसह गाडलं गेलं होतं. फक्त एक आजी रुसून बसल्या. "सदुसष्टच्या भूकंपात घर अंगावर आलं तरी मी हितंच ऱ्हायले. पावसाला भिऊन जाऊ व्हय?" 11 डिसेंबर 1967 ची पहाट पाहिलेल्या माणसाला काय उत्तर द्यायचं? नातवाने त्यांना उचलूनच आणलं.

रात्री नऊला शाळेत पासष्ट माणसं होती. मी हजेरी घेतली होती म्हणून आकडा पक्का आहे. पहाटे पाचला पुन्हा मोजली, तर एकतीस.

बाकीची वर गेली होती. चहा पिऊन, इरली-घोंगडी डोक्यावर घेऊन, एकेकटी. कुणी भांडलं नाही की कुणी सांगितलंही नाही. गोठ्यात म्हशी होत्या. धारेची वेळ झाली की म्हशीची कास दाटते, ती ओरडते, आणि परक्या हाताला पान्हा सोडत नाही. वासरं बांधलेली, वैरण टाकायची राहिलेली. दर दहा दिवसांचं डेअरीचं बिल हाच त्या घरांचा रोख पैसा. आम्ही माणसं खाली आणली आणि त्यांचा संसार वर दावणीला बांधून ठेवला. मग ती वर जाणारच.

या प्रकरणातली ही माझी सगळ्यात मोठी चूक मानतो. मी भेग मोजत होतो, माणसं मोजत होतो. जनावरं मोजली नाहीत. वरच्या आळीत त्या दिवशी अकरा म्हशी, सात गाया, चार बैल आणि तीसेक शेरडं होती. हा आकडा मला दुसऱ्या दिवशी कळला.

22 जुलै, गुरुवार

त्या चोवीस तासांत महाबळेश्वरला 594 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. आमच्याकडे पर्जन्यमापक नव्हता. शाळेच्या अंगणात खिचडीच्या तेलाचा सरळ उभा डबा ठेवला होता. सकाळी तो वितीपेक्षा जास्त भरला होता. ओतून पुन्हा ठेवला, तर दुपारी तीनला परत तेवढाच. पावसाच्या धारा दिसतच नव्हत्या, नुसतं पांढरं होतं. मोबाइलची रेंज सकाळीच गेली. रस्ता दोन ठिकाणी बंद झाल्याचं चालत आलेल्या एका पोराने सांगितलं. आता बाहेरून कुणी येणार नाही, हे स्पष्ट झालं.

अकराच्या सुमाराला भेगेत माझी वीत आडवी बसली. नाना तिथेच उभे होते. म्हणाले, "माणसांस्नी सांगून दमलो. आता जित्राबास्नी सांगतो."

त्यांनी कमरेचा कोयता काढला आणि पहिल्या गोठ्यात जाऊन दावी कापायला सुरुवात केली. गाठी सोडत बसायला वेळ नव्हता. भिजलेली गाठ सुटतही नाही. सगळ्यात आधी त्यांनी आळीतली जुनी, शिंगं मोडलेली म्हैस काढली, कारण ती चालली की बाकीच्या तिच्यामागे चालतात हे त्यांना माहीत होतं. तसंच झालं. पायवाटेने एकामागे एक जनावरं उतरू लागली, आणि त्यांच्यामागे त्यांची माणसं. कुणी वासरू खांद्यावर घेतलेलं, कुणी दुधाचं कॅन, कुणी वैरणीची पेंढी. तासाभरात वरची आळी रिकामी झाली. आदल्या संध्याकाळी जे माणसांना सांगून अर्धवटच झालं, ते कोयत्याने पुरं केलं.

जनावरं समाजमंदिराच्या पत्र्याखाली बांधली. एक गाय राहिली. दिवस भरलेली गाभण गाय, दावं कापूनही गोठ्याबाहेर पाऊल टाकेना. तिचा धनी अंधार पडेपर्यंत तिच्यापाशी बसला होता, पाठीवर हात फिरवत. शेवटी नानांनी त्याला दंडाला धरून खाली आणलं. त्या माणसाचा चेहरा मी विसरलेलो नाही.

रात्री साडेदहाच्या आसपास आधी वास आला. नांगरटीच्या वेळी येतो तसा, पण कितीतरी दाट, ओल्या मातीचा आणि चिरलेल्या मुळ्यांचा. मग झाडं मोडल्याचे आवाज, आणि त्यामागून लांबलेली घरघर. मिनिटभर, फार तर दीड. उजाडल्यावर पाहिलं तर वरच्या आळीतली तीन घरं आणि पाच गोठे मातीखाली होते. भेगेखालचा सगळा तुकडा उतरला होता. गाय गेली. माणूस एकही गेला नाही.

आवाज थांबल्यावर काहीजण बॅटऱ्या घेऊन वर निघाले, त्यांना अडवावं लागलं. आणि ते बरंच झालं. अर्ध्या तासाने कुणीतरी ओरडलं की ओढ्याचा आवाज कमी झालाय. एवढ्या पावसात ओढ्याचं पाणी घटतं, याचा अर्थ वर कुठेतरी दरडीने त्याला बांध घातलाय. ओढ्याकाठची चार घरं लगेच रिकामी केली. थोड्याच वेळाने तो बांध फुटला आणि लाकडं-दगडांसह लोंढा आला. दोन घरांच्या पडव्या धुऊन गेल्या. ओढा एकाएकी गप्प झाला तर काठ सोडायचा, ही गोष्ट आमच्याकडे जुन्या माणसांना ठाऊक होती. तरुणांना नव्हती.

त्याच दिवशी घाटापलीकडे महाड तालुक्यात तळीये गाव गाडलं गेलं, आणि त्या रात्रीत आमच्याच पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे माणसं दरडीखाली गेली. ते आम्हाला दोन दिवसांनी कळलं. आपण वाचलो याचा आनंद करावा अशी ती वेळ नव्हती, आणि कुणी केलाही नाही.

शाळेतल्या रात्री

वरच्या आळीची आणि ओढ्याकाठची माणसं आता शाळेच्या दोन खोल्यांत. सतरंज्या जमिनीवर. कोपऱ्यात तांदळाची आणि वैरणीची पोती, भिंतीला बाकांची उतरंड. बाहेर सगळं पाण्याखाली, बिळं बुडालेली. उंदीर, बेडूक आणि त्यांच्यामागे साप कोरड्या जागेकडे येणार हे आम्हाला सुचायला हवं होतं. सुचलं नाही.

24 ला गुरुपौर्णिमा होती. त्या रात्री तीनच्या सुमाराला एक नऊ वर्षांची मुलगी पोटात दुखतंय म्हणून रडत उठली. ओकली. सगळ्यांना वाटलं, खिचडी बाधली. आमच्या आशाताई उठून आल्या. त्यांनी बॅटरी तोंडावर धरून विचारलं, "बाळा, माझ्याकडं बघ. डोळं उघड पूर्ण." तिला उघडता येईनात. पापण्या निम्म्यावर लोंबत होत्या. घसा दुखतोय म्हणाली, आणि आवाज नाकातून येत होता. आशाताई एवढंच म्हणाल्या, "कांडर हाय." आमच्याकडे मण्यारीला कांडर म्हणतात.

अंगावर दंश दिसत नव्हता. सूज नाही, रक्त नाही, आग नाही. मण्यार हीच पंचाईत करते. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दात इतके बारीक की झोप मोडतेच असं नाही. विष मज्जातंतूंवर जातं. आधी पापण्या, मग गिळणं, मग मान, आणि शेवटी श्वास. जमिनीवर झोपलेलं माणूस पहाटे पोटदुखीने उठलं आणि पापण्या पडायला लागल्या तर खुणा शोधत बसू नये, हे मी त्या रात्री शिकलो.

मुलीच्या आजोबांना तिला शेजारच्या गावी विष उतरवणाऱ्याकडे न्यायचं होतं. त्यांची नातीवरची माया आमच्यापेक्षा काकणभर जास्तच होती. त्यांच्या उमेदीत दुसरा इलाज हाताशी नव्हता. दहा मिनिटं गेली. शेवटी आशाताईंनी त्यांचे हात धरले आणि म्हणाल्या, "आबा, श्वास बंद पडला तर मंत्राला पोरगी कुठनं आणायची?" आबा उठले आणि स्वतः बांबू आणायला गेले.

घोंगडीची झोळी केली, चौघांनी उचलली. मुलीला पाठीवर न ठेवता कुशीवर ठेवलं, लाळ आणि ओकारी श्वासनळीत जाऊ नये म्हणून. हात-पाय आवळून बांधले नाहीत, चिरा दिल्या नाहीत. आशाताई सगळ्या वाटेने तिची हनुवटी वर धरून चालत होत्या. दोन दरडी गुडघाभर चिखलातून ओलांडल्या. पलीकडे एकाची जीप मिळाली, पुढे रेंज आल्यावर 108 ची गाडी. साडेसहाला ग्रामीण रुग्णालय.

तिथे सर्पदंशाची लस लगेच सुरू झाली. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांच्या विषावर चालणारी ती एकच लस असते, त्यामुळे साप मारून दवाखान्यात नेण्याची गरज नसते. पण मण्यारीच्या बाबतीत एक गोष्ट डॉक्टरांनी आम्हाला समजावली: लस रक्तात फिरणारं विष निकामी करते, मज्जातंतूंच्या टोकांवर बसलेलं सोडवत नाही. ती टोकं आपोआप सावरेपर्यंत श्वास बाहेरून द्यावा लागतो. तिला कऱ्हाडला हलवलं, तीन दिवस व्हेंटिलेटरवर होती. नवव्या दिवशी आबांच्या मांडीवर बसून घरी आली. आता ती हायस्कूलला आहे.

सकाळी साप बाकांमागे सापडला. निळसर काळा, अंगावर बारीक पांढऱ्या कड्या.

त्या दिवशी पोती बाहेर काढली, बाकं जोडून पोरांना त्यावर झोपवलं आणि मागवलेल्या मच्छरदाण्यांच्या कडा अंथरुणाखाली खोचल्या. साधी मच्छरदाणी मण्यारीलाही अडवते.

बिबट्याचं थोडक्यात. 26 च्या पहाटे समाजमंदिराबाहेर बांधलेलं एक शेरडू त्याने नेलं. आमचा डोंगर सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या रानाला लागून आहे, बिबट्या नवा नाही. पण एरवी शेरडं बंद गोठ्यात असतात, आता उघड्यावर होती. पोरं काठ्या घेऊन रान उठवायला निघाली, त्यांना वनरक्षकांनी थांबवलं. घेरलेला बिबट्या अंगावर येतो. शेरडं शाळेच्या तिसऱ्या खोलीत दार लावून कोंडली. अंधार पडल्यावर पोरांनी परसाकडे एकट्याने जायचं नाही, सोबत मोठं माणूस आणि बॅटरी हवी, हे ठरलं. वाकून बसलेलं लेकरू बिबट्याला शेरडाएवढंच दिसतं. वनखात्याचा पंचनामा झाला, भरपाई मिळाली.

त्यानंतर

वरच्या आळीला पुढे तात्पुरती पत्र्याची घरं मिळाली. दोन खोल्या, मोरी, विजेचा दिवा. गोठा नाही. नकाशा काढणाऱ्याने पासष्ट माणसं धरली होती, मी धरली होती तशीच. पहिल्याच पावसाळ्यात बायका पहाटे चारला त्याच उतारावरच्या उरलेल्या गोठ्यांत धारा काढायला जायच्या, आणि पावसाचा जोर वाढला की गडी रात्री तिथेच झोपायचे. म्हणजे घर सुरक्षित जागी आणि माणूस धोक्याच्या. मी हे एका कार्यालयात दोनदा लिहून दिलं. गोठा या योजनेत बसत नाही, असं तोंडी उत्तर मिळालं.

शेवटी मुंबईकर मंडळींनी वर्गणी काढली आणि रस्त्याकडेच्या एका भावकीच्या पडीक जागेवर पत्र्याचा सामाईक गोठा उभा राहिला. दावण सिमेंटची, भोवती जाळी, वर दिवा. मेच्या मध्यापर्यंत तिथे पेंढा आणि कडबा भरून ठेवतात. सड्यावरून येणारं पाणी अडवायला तरुणांनी चर खणला, तो दर वर्षी साफ करतात. खुंट्या आता पाच ठिकाणी आहेत. अंगणात तेलाचा डबा असतो. तो दिवसात वितीभर भरला की जनावरं उतरवायची, कुणाच्या फोनची वाट पाहायची नाही.

माझी बदली झाली, पण दर जूनच्या पहिल्या रविवारी मी जातो. शाळेच्या भिंतीवर तक्ता आहे: घर, माणसं, जित्राबं, दावी कापायचा कोयता कुणाकडे, कोणतं जनावर पुढे काढायचं. नाना आता थकलेत. ते खुर्चीवर बसून सांगतात आणि मी लिहून घेतो. सगळी जनावरं सामाईक गोठ्यात मावत नाहीत. वरच्या तीन गोठ्यांत अजून सहा म्हशी आहेत. पावसाळ्यात तिथे रात्री कोण झोपतं, त्यांची नावं तक्त्याच्या खाली वेगळ्या ओळीत लाल खडूने लिहिलेली असतात. या वर्षी ती चार आहेत.